गोड बोलण्याचा धसका

उभ्या आयुष्यात संशयी माणसं मी काही कमी पाहिली नाहीत. संगमनेरला आमच्या आळीत दुधात बोट बुडवून ते उन्हात धरून बघणाऱ्या बायका होत्या. माझे सासरे तर स्वतःच्या हातानं लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा मला ओढायला लावायचे, कारण स्वतःच्या हातावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. पण कुणी ‘थँक यू’ म्हटलं की दचकून आपल्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि तीही अमेरिकेत, जिथे माणसं भिंतीतल्या यंत्रालासुद्धा थँक यू म्हणतात. तुम्ही म्हणाल, म्हातारी वाढवून सांगतेय. थोडं वाढवते, ती माझी जुनी खोड आहे. पण या बाईच्या बाबतीत वाढवायला जागाच फार थोडी होती.

ही माझी वर्गमैत्रीण. सहासष्टाव्या वर्षी मला वर्गमैत्रीण मिळाली त्याचं कारण माझी सूनबाई. दोन हजार तीन साली मी अमेरिकेतल्या कॅरी गावी मुलाकडे कायमची राहायला आले. मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला आपापल्या गाड्या काढून कामाला जात, आणि मी दिवसभर खिडकीतून पाइनची झाडं मोजत बसे. शेवटी सूनबाईनं मला गावच्या लायब्ररीतल्या फुकट इंग्रजीच्या वर्गात घातलं, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला. वर्गात एक कोरियन आजोबा, एक मी, आणि बाकी सगळी स्पॅनिश बोलणारी मंडळी. शिकवायला एक निवृत्त शाळामास्तरीण, इतकी गोड की चुकीच्या उत्तरालाही ‘वंडरफुल’ म्हणायची. ही मैत्रीण एल साल्वादोरची, पंचावन्नच्या पुढची, बुटकी, रुंद, केसांचा घट्ट अंबाडा आणि डोळे असे की समोरच्यानं न केलेली चोरीही कबूल करावी. तिचं नाव मी सांगत नाही, तिला आवडणार नाही. हजेरीच्या कागदावर ती एका दिवशी एक आडनाव लिही आणि दुसऱ्या दिवशी दुसरं. त्यांच्यात माणसाला दोन आडनावं असतात हे मला नंतर कळलं, पण ती अशी आळीपाळीनं वापरायची ही तिची स्वतःची खबरदारी होती.

तिच्या खबरदाऱ्या किती म्हणून सांगू. वर्गात ती भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशीच बसे. ती खुर्ची कुणी घेतली असली तर तासभर उभी राही. लायब्ररीतून पुस्तक घरी नेता येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत, हे ऐकून ती तीन आठवडे पुस्तकांच्या कपाटाजवळच फिरकली नाही. मी एकदा डब्यातली शेंगदाण्याची पोळी पुढे केली. तिनं ती हुंगली, उजेडात धरली आणि परत माझ्याच हातात ठेवली. मी अर्धी खाल्ली, ती माझ्याकडे बघत राहिली. पाच-सहा मिनिटांनी मी जिवंत आहे असं दिसल्यावर उरलेली अर्धी तिनं खाल्ली आणि मग डबाच ओढून घेतला. आमची दोघींची इंग्रजी मिळून जेमतेम एका माणसापुरती होती, पण त्यात आमचं सगळं भागायचं. ती मला ‘दोन्या’ म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बाईला तसं म्हणतात, आपल्या काकूसारखं.

तिचा खरा संशय मात्र सभ्य भाषेवर होता. त्याचं तिनं शास्त्रच बनवलं होतं. वाक्यात एक ‘प्लीज’ असेल तर हरकत नाही. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ दोन्ही असतील तर पिशवी काखेत घ्यायची. ‘वुई रिग्रेट’ दिसलं की चपला कुठे काढल्यात ते आठवायचं, आणि खाली ‘सिन्सिअरली’ असेल तर मागच्या दाराची वाट धरायची. मी पहिल्यांदा हसले. मग एक दिवस आमच्या कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं. वर ‘डिअर नेबर’, मग ‘अ फ्रेंडली रिमाइंडर’, आणि मजकूर असा की डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, रंगीत कापड वाळत घालू नये. रंगीत कापड म्हणजे माझी इरकल. मी ते पत्र तिला दाखवलं. तिनं बोट लावून गोड शब्द मोजले, सहा भरले. ‘सहाला काहीतरी काढून घेतात,’ ती म्हणाली. मी इरकल डेकवरून काढली आणि त्या दिवसापासून हसणं बंद केलं. आपल्याकडे यालाच केसानं गळा कापणं म्हणतात, हे मी तिला खाणाखुणा करून समजावलं. तिला ते इतकं पटलं की तिनं वही काढून लिहून घेतलं, केसाचं चित्रसुद्धा काढलं.

ती वही. आता तिच्याकडे येते. जाड पुठ्ठ्याची, रबर लावलेली, आणि कायम पोटाशी धरलेली. वर्गात बाईंनी पाणी मागायच्या पायऱ्या शिकवल्या. ‘पाणी दे’पासून सुरू करून ‘आपल्याला फार त्रास होणार नसेल तर मला थोडंसं पाणी मिळू शकेल का’ इथपर्यंत सात पायऱ्या. सगळ्यांनी उतरवून घेतलं. हिनं हात वर केला आणि विचारलं की सातव्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर माणूस तहानेनं मेला तर पाणी कुणाला द्यायचं. आणि लगेच दुसरं विचारलं, शिव्या कधी शिकवणार. बाई कानापर्यंत लाल झाल्या. पण कर्तव्याला पक्क्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी एक कागद वाटला. त्यावर शिव्यांबद्दल बोलायचे सगळे शब्द होते. शिवी देणं याला काय म्हणतात, उद्धट कुणाला म्हणतात, जीभ सांभाळ कसं सांगायचं, चुकून तोंडातून गेलं तर माफी कशी मागायची. शिवी मात्र एकही नव्हती. पत्रावळ मांडली, मीठ वाढलं, लिंबू वाढलं आणि भात विसरले, तशातली गत. माझ्या मैत्रिणीनं कागद उलटा करून बघितला, मागेही काही नव्हतं. ‘बघितलंत, दोन्या,’ ती कुजबुजली, ‘लपवतायत.’

आणि त्याच दिवशी मला तिच्या वहीचं एक पान दिसलं. ती पेन शोधायला खाली वाकली आणि वही उघडी राहिली. डावीकडे वेळा लिहिलेल्या होत्या, सकाळचे आठ दहा, नऊ चाळीस, अकरा पाच. आणि प्रत्येक वेळेपुढे एक इंग्रजी शिवी. अशी-तशी नाही, माझा नातू शाळेतून शिकून आला तेव्हा मुलानं ज्यांच्यासाठी त्याचा आठवडाभर टीव्ही बंद केला, तसल्या. मी इथे लिहीत नाही. संपादक छापणार नाहीत आणि माझीही पेन्सिल वळणार नाही. पुढे स्पॅनिशमध्ये काहीतरी बारीक खरडलेलं. अशी पानंच्या पानं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ते दिवसच तसे होते हो. विमानतळावर, बसथांब्यावर, लायब्ररीच्या दारावरसुद्धा पाट्या, की संशयास्पद काही आढळलं तर कळवा. माझ्या कुंकवाकडे लोक हसून बघत आणि हसून झाल्यावरही जरा जास्त वेळ बघत. अशात मी या बाईबरोबर दर वर्गाला डबा खात होते. ही वेळ टिपून शिव्या कुणाला देते? का कुणी हिला देतं? मी घरी सूनबाईला सांगितलं. तिचा चेहरा गंभीर झाला. म्हणाली, ‘आई, तिचा नवरा अब्यूज करत असेल, ती रेकॉर्ड ठेवत असेल. किंवा भलतंच काही असेल. तुम्ही जरा डिस्टन्स ठेवा.’ डिस्टन्स ठेवायचा तर बातमी कशी कळणार. मी आमच्या पद्धतीनं तपास सुरू केला, म्हणजे नवरा काय करतो, मुलं किती, भाडं किती. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, ‘कुणी विचारायला सांगितलं?’ अशा आम्ही दोन महिने एकमेकींवर पाळत ठेवून होतो, आणि एकमेकींचा डबा खात होतो.

कोंडी फुटली ती माझ्या वेंधळेपणानं. एका गुरुवारी पाऊस लागला. मुलाला यायला उशीर होता. तिनं मला आपल्या जुन्या गाडीतून घरी सोडलं, उतरताना आपली छत्रीही दिली. मी छत्री घेतली आणि ‘बरं, येते’ म्हणून आत गेले. मुलगा कायम कानीकपाळी ओरडतो, आई, इथे प्रत्येक गोष्टीला थँक यू म्हणायचं. पण तेव्हा सुचलंच नाही. आपल्या माणसाला कसलं आभारप्रदर्शन करायचं? आजवर माझ्या बहिणीला मी कधी धन्यवाद म्हटलेलं नाही; म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. पुढच्या मंगळवारी मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली. आपली भिंतीची खुर्ची सोडून.

‘गाडीत बसवलं, तेव्हा तुम्ही थँक यू म्हणाला नाहीत. छत्री दिली, तेव्हाही नाही. मी लक्ष ठेवून होते.’

मी ओशाळून माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. तिच्या हिशेबी मी परीक्षेत पास झाले होते. वर्ग सुटल्यावर ती मला काही न बोलता गाडीत घालून घेऊन गेली. कुठे, ते सांगितलं नाही. मी वाटभर सूनबाईचा फोन नंबर मनात घोकत होते.

घर निघालं एका गोऱ्या म्हातारीचं. ऐंशीच्या पुढची, चाकाच्या खुर्चीत, पांढरेशुभ्र केस विंचरून बांधलेले, गळ्यात मोत्यांची माळ. मला बघताच म्हातारीनं खणखणीत आवाजात एक शिवी हासडली. मी दारातच थिजले. माझी मैत्रीण म्हणाली, ‘येस, सेन्योरा,’ आणि खिडकीचा पडदा सरकवला. म्हातारीनं दुसरी शिवी दिली, जरा लांबवून. मैत्रिणीनं तिच्या पाठीमागची उशी वर केली. तिसरी शिवी उंच, बारीक आवाजात आली, आणि तिनं पाण्याचा पेला ओठाला लावला. म्हातारी शांत झाली आणि माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली.

मग वही उघडली गेली, या वेळी माझ्यासाठी. म्हातारी जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, रविवारी मुलांना चांगलं वळण शिकवायची. अर्धांगाच्या झटक्यात तिची भाषा गेली. डॉक्टर म्हणाले, ठरवून बोलायचे शब्द जातात, आपोआप तोंडातून निघणारे तेवढे राहतात. चर्चवाल्या बाईच्या तोंडात नेमक्या पाच शिव्याच राहिल्या. ऐंशी वर्षं तिनं त्या कुठे दाबून ठेवल्या होत्या देव जाणे. एजन्सीनं माझ्या मैत्रिणीला सांभाळायला ठेवलं तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिचं सगळं इंग्रजी या म्हातारीकडून आलेलं. कुठली शिवी, कुठल्या सुरात, किती वाजता, आणि तेव्हा काय हवं होतं, हे तिनं वर्षभर टिपून ठेवलं होतं. वर्गाच्या दोन सकाळी तेवढी एजन्सीची दुसरी बाई येई. उंच सुरातली पाण्याची, दोनदा लागोपाठची बाथरूमची, ओढून म्हटलेली उशीची. माझ्या सासूबाई लाडक्या नातवाला ‘मुडद्या’ म्हटल्याशिवाय जेवायला वाढत नसत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘चांगली बाई असणार.’

पण शिवी म्हणजे शिवी हे तिला पहिले तीन महिने ठाऊकच नव्हतं. एकदा ती दुकानात गेली, पाण्याची बाटली कुठे आहे ते हवं होतं. एप्रन घातलेल्या मुलाला तिनं अगदी हसून, म्हातारीच्याच सुरात, पाण्याचा शब्द म्हणून दाखवला. त्याला समजलं नाही असं वाटून पुन्हा, जरा मोठ्यानं. मग मॅनेजरीण आली. ती इतकं मऊ बोलली, की मॅडम, मी आपल्याला नम्र विनंती करते, आपण कृपा करून… आणि बोलता बोलता हिला दाराबाहेर नेऊन सोडलं. आता तुम्हीच सांगा. घरात शिवी दिली की पाणी मिळतं, दुकानात नम्र विनंती झाली की हाकलून देतात. यातून माणसानं काय शिकायचं?

हे सगळं मला दाखवायचं कारण एक पत्र होतं. म्हातारीच्या मुलाचं, दूरच्या राज्यातून आलेलं. मैत्रिणीनं गोड शब्द मोजले होते, चौदा. असा आकडा तिनं कधी पाहिला नव्हता. मी ते सूनबाईकडे नेलं. शेजाऱ्यांनी त्याला कळवलं होतं की घरातून दिवसभर घाण भाषा ऐकू येते. म्हणून तो एजन्सीच्या बाईला घेऊन येणार होता, पुढच्या शनिवारी, ‘टु एक्सप्लोअर अवर ऑप्शन्स’. सूनबाईनं चष्मा काढला. ‘आई, एक्सप्लोअर म्हणजे ठरलंय. म्हातारीला ओल्ड एज होममध्ये ठेवणार, आणि तुमच्या मैत्रिणीचं काम जाणार.’ मी म्हटलं, काम जाईल ते जाईल, पण तिथे त्या म्हातारीला पाणी कोण देईल? तिथल्या नर्सला वाटेल ही शिव्या देते. तोंड मिटवायला औषध देतील.

मग आमची शाळा सुरू झाली, म्हातारीच्या स्वयंपाकघरात. मी, जिला छत्रीला थँक यू म्हणता येत नाही, ती सभ्य इंग्रजी शिकवणार. लायब्ररीतल्या बाईंनी आठ वाक्यं लिहून दिली. ‘तुमची काळजी मी समजू शकते.’ ‘आपण वेळ काढून आलात याबद्दल मी आभारी आहे.’ मी म्हातारीचा मुलगा व्हायची आणि ती उत्तरं द्यायची. शब्द तिला पाठ झाले, पण प्रत्येक वाक्याला मूठ वळायची, जसं काही तेच वाक्य तिला चावेल. ‘आपण आमच्याबरोबर पाच मिनिटं येता का’ हे मी मुलगा म्हणून म्हटलं, तेव्हा ती उठूनच उभी राहिली. चूल बंद केली, चालू केली, परत बंद केली. मग पाठमोरीच सांगू लागली. त्यांच्या देशात लढाई होती तेव्हा तिच्या भावाला घेऊन जायला माणसं आली. इस्त्रीचे शर्ट. आईला ‘सेन्योरा’, म्हणजे बाईसाहेब, म्हणाली, दारात बूट पुसले, बसायला सांगितलं तर नको, त्रास नको म्हणाली. तरुणा, कृपा करून पाच मिनिटं ये. ‘शेजारचा दारुडा रोज शिव्या द्यायचा,’ ती म्हणाली. ‘त्यानंच त्यांना अडवलं. एकट्यानं.’ भाऊ परत आला नाही. मी ते पाच मिनिटांचं वाक्य कागदावरून खोडून टाकलं.

आणि एक सल्ला दिला, जो मला पूर्ण शहाणपणाचा वाटला होता. म्हटलं, वही लपव. शिव्यांनी भरलेली वही त्यांच्या हाती लागली तर आयताच पुरावा. तिनं ती पिठाच्या डब्यामागे ठेवली.

शनिवारी मी कोपऱ्यात लोकर घेऊन बसले. मुलगा पन्नाशीचा, उंच, वागायला इतका मऊ की मलाही त्याचा संशय आला. एजन्सीच्या बाईच्या हातात फळीला लावलेला कागद. बोलणं सुरू झालं आणि माझ्या मैत्रिणीनं आठही वाक्यं एकामागून एक, बिनचूक म्हटली. मूठ पाठीमागे होती. ती दोघं प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, हसत होती, आणि तिनं वर्षभरात काय काय केलं त्याबद्दल आभार मानत होती; आणि प्रत्येक आभारासरशी म्हातारी घरातून थोडी थोडी बाहेर चालली होती. आठ वाक्यं संपली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नववं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारी बोलली. एक शिवी, खालच्या सुरात, शेवटी वर नेलेली. मुलाचा चेहरा उतरला. तो एजन्सीच्या बाईला म्हणाला, माफ करा, आई अशी नव्हती हो, ती इथे सुखी नाही, मी फोन केला तरी मला हेच ऐकवते, हल्ली मी दोन मिनिटांत ठेवून देतो. तो हे सांगत असताना मैत्रीण आत गेली. पिठाचा डबा सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या सुया थांबल्या. ती वही घेऊन बाहेर आली, पान शोधलं, आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात ठेवली. नुसती वही नाही, रबर काढून, उघडून. असं करताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

‘रविवार, चार वाजता,’ ती बोट ठेवत म्हणाली. ‘तुमचा फोन. नंतर हा शब्द, असा. मग दाराकडे बघते. पुढचा रविवार, तसंच. पुढचा, तसंच. पाणी नाही. उशी नाही. बाथरूम नाही. मी सगळं करून बघितलं. याचा अर्थ, तो येतोय का?’

त्यानं पान उलटलं. आणखी एक उलटलं. एजन्सीच्या बाईनं लिहिणं थांबवलं होतं. बराच वेळ त्या खोलीत कुणी प्लीज म्हणालं नाही. मग तो गुडघ्यावर बसला, आईच्या खुर्चीचा हात धरला, आणि तीच शिवी, त्याच सुरात, तिला परत म्हणाला. नीट जमली नाही, आवाज फुटला. म्हातारीचे डोळे मोठे झाले आणि ती हसायला लागली, अर्ध्या तोंडानं, खांदा हलवत. तो आमच्याकडे वळून म्हणाला की नऊ वर्षांचा असताना हा शब्द बोललो म्हणून हिनं माझं तोंड साबणानं धुतलं होतं. आणि मग तोही हसला, आणि पुढचं मला नीट दिसलं नाही, लोकर डोळ्यांशी गेली होती.

त्यांनी ठरवलं असं काही सांगितलं नाही. ‘लेट्स रिव्हिजिट धिस’, म्हणजे पुन्हा बघू, म्हणाले. माझ्या मैत्रिणीनं त्या वाक्यावर आठवडाभर विचार केला आणि पिशव्या भरून तयार ठेवल्या. पण कुणी आलं नाही न्यायला. मुलगाच यायला लागला, दर महिन्याला, आणि रविवारी चारला फोनवर मायलेक एकमेकांना असं काही ऐकवत की शेजाऱ्यांनी खिडक्या बंद करून घेतल्या. त्यानं तिच्या वहीची नक्कल मागितली, ती तिनं दिली नाही. का हवीय, विचारत राहिली. ‘बोलतो अजून फार गोड,’ ती मला म्हणायची. त्याच्या हातची कॉफी त्यानं आधी प्यायल्याशिवाय ती कधी घेत नसे.

म्हातारी आणखी चौदा महिने त्याच घरात, त्याच खिडकीशी राहिली. शेवटच्या आठवड्यात तिचे ते पाच शब्दही गेले. मी भेटायला गेले तेव्हा मैत्रीण उशाशी बसली होती, पाणी, पडदा, उशी, सगळं पाळीपाळीनं करून बघत होती, आणि दर वेळी तिच्या तोंडाकडे बघून थांबत होती. मुलगा पोचला होता. म्हातारीला मरण घरात आलं, स्वतःच्या बिछान्यात.

त्यानंतर महिन्याभरात मैत्रीण ह्यूस्टनला बहिणीकडे निघून गेली. जाताना माझ्या दारात आली, आत आली नाही, गाडी चालूच ठेवली होती. कागदाच्या चिटोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाली, कुणाला देऊ नका. मी नाही दिला. दिवाळीला फोन लावला तर तो एका टायरच्या दुकानात लागला. मुलगा म्हणतो, आई, तू आकडा चुकीचा वाचत असशील, तिचा एक तुला सातासारखा दिसत असेल. असेल. मी एक लावून पाहिला, तो लागतच नाही; सात लावला की टायरचं दुकान. पण त्या दुकानातला माणूस फार अदबीनं बोलतो. दर वेळी म्हणतो, क्षमा करा मॅम, आपल्याला मदत करता आली असती तर मला आनंदच झाला असता. आता तो माझा आवाज ओळखतो. मी त्याचे गोड शब्द मोजते. मागच्या खेपेला सात भरले. इतकं गोड बोलतोय म्हणजे तिला ओळखत असणार. तिनंच सांगून ठेवलं असणार. म्हणून मी मधूनमधून लावते फोन, आणि ठेवायच्या आधी जरा थांबते, मागे कुणी श्वास घेतंय का ते ऐकायला.